सिनॉलॉजी डीएस२२४प्लस: लग्नाचं फुटेज सांभाळताना आलेला अनुभव

आधी निकाल सांगते. सिनॉलॉजीचा डीएस२२४प्लस हा दोन डिस्कचा नॅस, म्हणजे नेटवर्कवर लावायचा साठवणीचा डबा, चांगला आहे. एक-दोन माणसांचा एडिटिंग स्टुडिओ असेल तर असा डबा जरूर घ्यावा. पण तो घेतला की बॅकअपचं काम संपलं, असं कोणी सांगत असेल तर अजिबात ऐकू नका. या डब्यात दोन डिस्क बसतात, दोन्हींवर एकच माल असतो (याला मिरर म्हणतात), त्यामुळे एक गेली तरी काम थांबत नाही. तो देतो ते एवढंच. एवढंही फार आहे, पण ते नेमकं कुठपर्यंत पुरतं हे कळल्याशिवाय पैसे घालू नयेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

नाशकात कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत माझा छोटा स्टुडिओ आहे. मी आणि एक असिस्टंट. शूटिंग आम्ही करत नाही. सिन्नर, निफाड, दिंडोरी, ओझर, नाशिकरोड इथले फोटोग्राफर कार्ड किंवा डिस्क आणून देतात, आम्ही ट्रॅडिशनल आणि सिनेमॅटिक अशा दोन्ही फिल्म कापून देतो. उरलेल्या वेळात माझं स्वतःचं एक काम चालतं, जुन्या नाशकाच्या रूढी टिपून ठेवायचं. रंगपंचमीला उघडणाऱ्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंग खेळायचे हौद, तिवंध्याची, दिल्ली दरवाज्याची, शनि चौकातली, तिथले मानकरी, रंग तयार करण्याची पद्धत, पहिला धप्पा, म्हणजे उडी, कोण मारतो, हे सगळं. रहाड वर्षातून एकदा उघडते. तिथे बोललेले म्हातारे लोक पुढच्या वर्षी असतीलच असं नाही. लग्नाचंही तेच. मंगलाष्टकं पुन्हा शूट करता येत नाहीत. एखाद्या घरातून काही वर्षांनी फोन येतो, "ताई, आजी गेल्या, त्यांचा हळदीतला ओव्या म्हणतानाचा तुकडा आहे का तुमच्याकडे?" तेव्हा "आहे" म्हणता आलं पाहिजे, असं मला फार मनापासून वाटतं. माझ्या कामातला हा भाग मी एडिटिंगइतकाच महत्त्वाचा मानते.

दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. नाशकात बसून त्यांनी इतके चित्रपट काढले आणि त्यातले बहुतेक आज कुठेच शिल्लक नाहीत. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांच्या नावाचं स्मारक आहे, पण प्रिंट नाहीत. तेव्हा जपायला साधनं नव्हती. आपल्याकडे आहेत.

आता हिशोब. आपल्याकडचे बहुतेक कॅमेरे ४केमध्ये १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिटच्या) आसपास लिहितात. म्हणजे तासाला ४५ जीबी. साखरपुड्यापासून पाठवणीपर्यंत दोन-तीन कॅमेऱ्यांचं मिळून दहा तासांचं फुटेज सहज होतं, म्हणजे एका लग्नाचे ४५० जीबी. १०-बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवून, १४० एमबीपीएसवर शूट करणारी मुलं आता वाढली आहेत, त्यांचं तासाला ६३ जीबी होतं. मी डब्यात ८ टीबीच्या दोन डिस्क घातल्या. मिररमध्ये एकीचीच जागा मिळते, आणि ८ टीबी म्हणून घेतलेली डिस्क कॉम्प्युटर ७.२७ दाखवतो, कारण कंपनी हजाराने मोजते आणि कॉम्प्युटर १०२४ ने. थोडी जागा मोकळी सोडली तर हातात राहिली पंधरा-सोळा लग्नं. लग्नसराईत एवढ्यात भागतं, पण जुनं काम वेळच्या वेळी बाहेर काढत राहावं लागतं.

डबा आणि दोन डिस्क मिळून बिल ऐंशी हजारांच्या आतबाहेर गेलं. त्यात निम्म्याहून जास्त रक्कम डिस्कची. इथे काटकसर करू नका असं मी सगळ्यांना सांगते. डिस्क घेताना कंपनीच्या साइटवर ती सीएमआर (ट्रॅक शेजारी शेजारी लिहिणारी) आहे की एसएमआर हे बघून घ्या. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात. नुसत्या साठवणीला चालतं, पण नॅसमध्ये नवी डिस्क टाकून जुनीवरून भरायची वेळ आली की अशी डिस्क रांगते. २०२० मध्ये हे प्रकरण जगभर गाजलं होतं. वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या, आणि मग कंपनीने सीएमआरवाल्यांना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. मी दोन डिस्क एमजी रोडच्या दोन वेगळ्या दुकानांतून घेतल्या. एकाच खोक्यातल्या, एकाच लॉटच्या डिस्क एकाच सुमाराला जाण्याची भीती असते, ती जेवढी टळेल तेवढी टाळायची.

बसवणं सोपं आहे. ट्रे ओढायचा, डिस्क ठेवायची, बाजूच्या पट्ट्या दाबायच्या, ३.५ इंची डिस्कला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. बाकीचं सगळं ब्राउझरमधून होतं. पण एका ठिकाणी थांबून वाचा. व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कवरची साठवणीची जागा, बीटीआरएफएस या फाइल सिस्टीममध्ये करा, आणि शेअर्ड फोल्डर तयार करताना डेटा चेकसमचा जो चौकोन येतो त्यावर टिक करा. तो नंतर चालू करता येत नाही. हा चेकसम असला आणि तपासणीचं वेळापत्रक लावून दिलं की डबा मधूनमधून सगळ्या फाइली वाचून तपासतो, आणि एका डिस्कवरचा तुकडा सडला असेल तर दुसरीवरून दुरुस्त करतो. याला स्क्रबिंग म्हणतात. आपल्या धंद्यात हे फार मोलाचं आहे. कारण डिस्क जाण्याआधी बऱ्याचदा फाइली एकेक करून बिघडत असतात, आणि चार वर्षांपूर्वीचं लग्न रोज कोण उघडून बघतं?

रोजच्या वापराबद्दल. मी एडिट कॉम्प्युटरच्या एनव्हीएमई एसएसडीवरच करते, डब्यावरून थेट नाही. डीएस२२४प्लसला एक गिगाबिटची दोन नेटवर्क पोर्ट आहेत, त्यामुळे एका कॉम्प्युटरला सेकंदाला ११० एमबीच्या वर मिळत नाही. एका लग्नाचे ४५० जीबी ओतायला सव्वा तासाच्या आसपास लागतो. कार्ड लावलं, कॉपी सुरू केली, चहा, दुसरं काम. तीन कॅमेऱ्यांची मल्टिकॅम टाइमलाइन थेट डब्यावरून चालते का? हलक्या फाइली असतील तर चालते, पण मागेपुढे ओढताना डिस्कचं डोकं धावत राहतं आणि चित्र अडखळतं. प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या नकला, करून एसएसडीवर ठेवाव्यात हे बरं.

पुढच्या बाजूला एक यूएसबी पोर्ट आणि कॉपीचं बटण आहे. फोटोग्राफर डिस्क घेऊन आला की लावायची, बटण दाबायचं, मी जागेवर नसले तरी असिस्टंट करू शकतो. पण कार्डांसाठी मी हा रस्ता वापरत नाही. कार्ड नेहमी दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या क्लोन टूलमधून उतरवते. फुकटच्या आवृत्तीतही ते आहे, आणि कॉपी झाल्यावर मूळ आणि नक्कल बिट न् बिट जुळते का हे ते तपासतं. माझा नियम असा की दोन ठिकाणी तपासलेली कॉपी झाल्याशिवाय कुणालाही कार्ड फॉरमॅट करायला परत द्यायचं नाही. फोटोग्राफर घाईत असतात, "ताई, उद्या ओझरला शूट आहे, कार्ड द्या ना." मी त्यांना माझं रिकामं कार्ड देते, त्यांचं ठेवून घेते.

आता मुख्य गोष्ट. वैशाखातल्या ऐन गर्दीत या डब्यातली एक डिस्क गेली.

आधी मेल आला की दोन नंबरच्या डिस्कवरचे बॅड सेक्टर, म्हणजे खराब झालेले तुकडे, वाढत आहेत. डबा तेव्हा नीटच चालत होता. कॉपी होत होती, फाइली उघडत होत्या, बाहेरून काहीही जाणवत नव्हतं. मेल आला नसता तर कळलंच नसतं, म्हणून डबा घेतल्यावर पहिलं काम मेलचं सेटिंग करून स्वतःलाच एक चाचणी मेल पाठवून बघा. त्यानंतर काही दिवसांनी दुपारी डबा मोठ्याने बीप करायला लागला, स्क्रीनवर व्हॉल्यूम डिग्रेडेड. डिस्कच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यात अर्थ नाही, कारण डिस्क सगळ्याच कंपन्यांच्या जातात. बॅकब्लेझ ही कंपनी २०१३ पासून आपल्या डेटा सेंटरमधल्या लाखो डिस्कचे आकडे जाहीर करते. २०२४ चं त्यांचं वार्षिक प्रमाण १.५७ टक्के होतं, त्याच्या आदल्या वर्षीचं १.७०. शंभर डिस्क वर्षभर चालवल्या तर एक-दोन जाणारच. तीही वातानुकूलित, धूळ नसलेल्या खोलीत. नाशकातला उन्हाळा, रस्त्याची धूळ आणि येणारी-जाणारी लाइट त्यांच्या हिशोबात नाही.

मी काय केलं ते क्रमाने सांगते, कारण या वेळी क्रम महत्त्वाचा असतो. बीप बंद केला. नवी डिस्क आणायला लगेच धावले नाही. आधी चालू असलेल्या सगळ्या लग्नांचं फुटेज उरलेल्या चांगल्या डिस्कवरून एका बाहेरच्या डिस्कवर घेतलं. नवी डिस्क घातली की जुनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते, तासन्‌तास, आणि तीही तेवढीच वापरलेली असते. ती त्या ताणात गेली तर सगळंच गेलं. कॉपी झाल्यावर एमजी रोडवरून नवी डिस्क आणली, डबा चालू ठेवूनच जुनी काढून नवी बसवली, स्टोरेज मॅनेजरमध्ये जाऊन रिपेअर दाबलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडं काम बाकी होतं, ते दुपारपर्यंत आटोपलं. मधल्या काळात असिस्टंट निफाडच्या एका लग्नाची हायलाइट कापत होता. त्याचं काम एका मिनिटासाठीही अडलं नाही. कोणत्याच घरी फोन करून तारीख पुढे ढकलावी लागली नाही. माझ्या लेखी या डब्याचे पैसे त्याच दिवशी वसूल झाले.

आता मिरर कशाला पुरत नाही ते. आमच्या असिस्टंटने जागा करण्यासाठी फोल्डर साफ करताना एका लग्नाचा हळदीचा अख्खा फोल्डर उडवला. मिररने ते आज्ञाधारकपणे दोन्ही डिस्कवरून पुसलं, त्याचं कामच ते आहे. वाचवलं स्नॅपशॉटने, म्हणजे फोल्डर त्या-त्या वेळी जसे होते तशी डब्याने धरून ठेवलेली स्थिती. पॅकेज सेंटरमधून स्नॅपशॉट रेप्लिकेशन घालून घ्या आणि दर काही तासांनी स्नॅपशॉट घ्यायला लावा. जुना माल तसाच राहत असल्याने जागा फारशी जात नाही, बदललेला किंवा पुसलेला भाग तेवढा अडकून राहतो. आम्ही सकाळच्या स्नॅपशॉटमध्ये गेलो, फोल्डर उचलला, परत ठेवला. पोरगा घामाघूम झाला होता, त्याला सांगितलं की बाबा, हे होणारच हे धरूनच सगळी मांडणी केली आहे.

पण चोरी, आग, पाणी यांपुढे स्नॅपशॉटही चालत नाही, कारण सगळं त्याच एका डब्यात आहे. गोदावरीला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीच्या कमरेवर पाणी आलं की छातीवर हे बघतो, आणि त्यावरून सराफ बाजार, भांडी बाजारातले दुकानदार माल वर उचलायला लागतात. ऑगस्ट २०१६ मध्ये ते पाणी कुठपर्यंत गेलं हे नाशिककरांना सांगायला नको. त्या भागात तळमजल्यावर स्टुडिओ असणाऱ्यांनी नॅस टेबलाखाली ठेवू नये. आणि तो इंटरनेटला उघडाही ठेवू नये. २०१४ मध्ये सायनोलॉकर नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने सिनॉलॉजीचे जुनं सॉफ्टवेअर चालवणारे डबे कुलूपबंद केले होते, २०२२ मध्ये डेडबोल्टने क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीच्या डब्यांवर तेच केलं. घरून फाइल बघण्याची सोय म्हणून राउटरवर पोर्ट उघडून देणारे लोक भेटतात, त्यांना हात जोडून नको म्हणा. अपडेट वेळेवर घ्या, ॲडमिन नावाचं खातं बंद करा, दुहेरी पडताळणी लावा.

पावसाळ्यात लाइट जाते, म्हणून यूपीएस हवाच. त्याची यूएसबी वायर डब्याला जोडली की बॅटरी संपत आल्यावर डबा स्वतः लिहिणं थांबवून सुरक्षित अवस्थेत जातो. ही सोय मी पुन्हा पुन्हा वापरली आहे आणि एकदाही दगा झालेला नाही.

हे सगळं कशासाठी, हे सिन्नरच्या एका फोटोग्राफरच्या प्रकरणावरून सांगते. त्याच्याकडे एका लग्नाचं फुटेज एकाच पोर्टेबल डिस्कवर होतं आणि ती टेबलावरून पडली. लावली की टक टक टक. त्याच्या ग्रुपवर कोणीतरी सांगितलं, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. त्याने मला फोन केला हे नशीब. अशा आवाजाचा अर्थ डोकं आपली जागा शोधतं आहे आणि त्याला ती सापडत नाही. चालू डिस्कमध्ये डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. ते वाकलं असेल तर प्रत्येक वेळी लावताना ते तबकडी खरवडतं, आणि फ्रीजरमधून काढल्यावर तबकडीवर दव धरतं. मी त्याला म्हटलं, "आता ती परत लावायची नाही. कुठलंही सॉफ्टवेअर चालवायचं नाही." इंदिरानगरमधल्या एका रिपेअरवाल्याकडे पाठवलं. त्या माणसाचं मला कौतुक वाटतं, त्याने उघडण्याचा प्रयत्नही केला नाही. सरळ सांगितलं की याला क्लीन रूम लागते, तशाच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं डोकं काढून बसवावं लागतं, हे माझ्या दुकानात होण्यासारखं नाही, मुंबईला पाठवा. पोर्टेबल डिस्कमध्ये आणखी एक अडचण असते. अनेकींमध्ये यूएसबीचं सर्किट डिस्कच्या पाटीवरच जडवलेलं असतं, त्यामुळे कव्हर काढून साध्या साटा वायरने जोडू असं म्हणायची सोय राहत नाही.

मुंबईहून आलेला आकडा माझ्या या सगळ्या सेटच्या जवळपास होता. त्याने भरला, कारण नवरीच्या वडिलांचे रोज फोन येत होते, "मंगलाष्टकं आहेत ना हो?" बराचसा माल परत आला, सगळा नाही. काही एमपी४ फाइली अर्धवट होत्या, उघडतच नव्हत्या. अशा फाइलीत चित्र असतं, पण ते कुठून कसं वाचायचं याची सूची हरवलेली असते. अनट्रंक नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक धड फाइल दिली की तिच्यावरून ते मोडक्या फाइलीची सूची पुन्हा बांधतं. त्याने मंगलाष्टकांची क्लिप उघडली, शेवटची दोन सोडून सगळी आली. कन्यादान आलं नाही. ते आम्ही फोटोंवरून आणि पाहुण्यांच्या मोबाइलमधून गोळा केलेल्या तुकड्यांवरून उभं केलं. त्या घरच्यांनी समजून घेतलं, पण तो मुलगा कितीतरी दिवस नीट झोपला नव्हता. दुसरी एक डिस्क असती तर यातलं काहीच झालं नसतं.

एसएसडी घेतली की हा प्रश्न सुटतो असं अनेकांना वाटतं. पडण्यापुरता सुटतो. पण एसएसडीचा कंट्रोलर गेला की टक टकही होत नाही, डिस्क दिसायचीच बंद होते. आणि पुसलेली फाइल हार्डडिस्कवरून बऱ्याचदा परत मिळते तशी एसएसडीवरून मिळत नाही, कारण ट्रिममुळे मोकळी झालेली जागा ती आतून साफ करून टाकते. एडिटला एसएसडी, जपायला हार्डडिस्क, अशी माझी विभागणी आहे.

आता फुटेजइतकीच जपायची एक गोष्ट, जिच्याकडे दहातले नऊ जण बघत नाहीत. प्रोजेक्ट, म्हणजे कुठे काय कापलं-जोडलं याची नोंद. प्रीमियरमध्ये निदान प्रोजेक्टची वेगळी फाइल असते, ती कुठे आहे ते दिसतं. रिझॉल्व्हमध्ये सगळे प्रोजेक्ट एका लायब्ररीत जातात आणि ती लायब्ररी, आपण मुद्दाम हलवली नसेल तर, सी ड्राइव्हच्या पोटात एका लपलेल्या फोल्डरमध्ये बसते. विंडोज बिघडली, माणसाने सी फॉरमॅट करून दिला, फुटेज डी ड्राइव्हवर सुखरूप, आणि महिनाभराची कटिंग गेली. असे फोन मला येतात. म्हणून प्रेफरन्सेसमध्ये लाइव्ह सेव्ह चालू आहेच, शिवाय प्रोजेक्ट बॅकअप चालू करून त्याची जागा मी डब्यावर दिली आहे. प्रत्येक मोठ्या टप्प्यानंतर डीआरपी फाइल एक्स्पोर्ट करते. तिच्यात फुटेज नसतं, फक्त आपली मेहनत असते, म्हणून ती इवलीशी असते आणि ईमेलनेही जाते. काम डिलिव्हर झालं की प्रोजेक्ट आर्काइव्ह करते, त्यात फुटेजसकट सगळं एका फोल्डरमध्ये येतं.

आणि फॉन्ट. मराठी टायटल करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. पत्रिकेसारखी अक्षरं हवीत म्हणून आपल्यातले बरेच जण अजून श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये नावं टाकतात. तीन वर्षांनी तो प्रोजेक्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला आणि फॉन्ट नसला, की "शुभविवाह"च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिखल दिसतो. माझ्याकडे प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये वापरलेले फॉन्ट, लट (रंग बदलणाऱ्या फाइली) आणि संगीत यांचा एक उपफोल्डर असतो. उलट कॅश आणि रेंडरचे फोल्डर मी बॅकअपमधून वगळते. ते पुन्हा तयार होतात, आणि तेच सगळ्यात जास्त जागा खातात.

स्टुडिओबाहेरची प्रत अशी. ३-२-१ हा नियम फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केला. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. माझ्याकडे ८ टीबीच्या दोन बाहेरच्या डिस्क आहेत. एक डब्याला लागलेली असते, दुसरी नाशिकरोडला आईकडे कपाटात, आणि आईकडे जाते तेव्हा अदलाबदल करते. यासाठी सिनॉलॉजीचं हायपर बॅकअप वापरते. त्यात अनेक आवृत्त्या ठेवणारा प्रकार निवडला तर फाइली त्याच्या स्वतःच्या साच्यात जातात आणि उघडायला त्याचाच एक्स्प्लोरर लागतो. मी एकाच आवृत्तीचा साधा प्रकार घेते आणि डिस्क एक्सफॅटमध्ये ठेवते. उद्या मी नसले आणि डबाही नसला तरी ती डिस्क कुणीही कोणत्याही कॉम्प्युटरला लावून लग्न काढू शकेल, एवढं साधं ते असावं असं मला वाटतं. दर थोड्या दिवसांनी तिच्यावरचा एखादा जुना प्रोजेक्ट खरोखर उघडून बघते. उघडून न बघितलेल्या प्रतीवर मी भरवसा ठेवत नाही.

क्लाउडवर सगळं टाकणं आपल्या धंद्यात जमत नाही. १०० एमबीपीएसचा अपलोड पूर्ण वेगाने अखंड चालला तरी १ टीबी चढायला बावीस तास लागतात, आणि तसा तो चालत नाही. मी फक्त प्रोजेक्ट फाइली, फॉन्ट आणि अंतिम फिल्म बॅकब्लेझच्या बी२ या क्लाउड साठवणीवर पाठवते, तेही हायपर बॅकअपमधूनच रात्री. त्यांनी २०२३ मध्ये दर टीबीमागे महिन्याला ६ डॉलर केला, माझा माल त्याहून बराच कमी असल्याने खर्च जाणवत नाही.

डब्याच्या मर्यादा. एक गिगाबिटचं नेटवर्क हे आजच्या फुटेजला कमी आहे, आणि त्यात नंतर वेगवान कार्ड घालायची सोय नाही. २०२५ मध्ये आलेल्या डीएस२२५प्लसमध्ये २.५ गिगाबिटचं एक पोर्ट आहे, आता नवा घेणाऱ्याने तोच बघावा. त्या वर्षीच्या नव्या प्लस मॉडेलांवर कंपनीने सुरुवातीला आपल्या यादीतल्याच डिस्क चालतील अशी अट घातली होती, ती डीएसएम या डब्याच्या सॉफ्टवेअरच्या ७.३ आवृत्तीत मागे घेतली. तरी घेण्याआधी आपल्या डिस्कचं मॉडेल त्यांच्या यादीत तपासून घ्या. रॅम २ जीबी आहे, वर आणखी ४ जीबीची पट्टी बसते. नुसत्या साठवणीला आहे ते पुरतं. जागा वाढवायची तर दोनच कप्पे असल्याने दोन्ही डिस्क एकापाठोपाठ मोठ्या घ्याव्या लागतात, हा खर्च सुरुवातीलाच लक्षात घ्यावा. जो फोटोग्राफर महिन्याला एखादं लग्न करतो त्याला मी हा डबा घ्यायला सांगणार नाही. त्याने त्या पैशांत दोन साध्या ३.५ इंची बाहेरच्या डिस्क घ्याव्यात, एक स्वतःकडे आणि एक भावाकडे ठेवावी, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये त्यांची तब्येत बघत राहावं. पिवळं दिसलं, रिअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर वाढायला लागले, की ती डिस्क त्याच दिवशी बदलावी.

सिंहस्थासाठी मात्र दोन कप्पे पुरणार नाहीत. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या स्नानांची तयारी इथल्या सगळ्या व्हिडिओवाल्यांनी आतापासून सुरू केली आहे, आणि २०१५ च्या पर्वाचं फुटेज आता कोणाकोणाकडे वाचतं आहे याची चौकशी माझ्याकडे रोज येते. तेव्हापासून कपाटात पडून असलेल्या डिस्क ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आजच लावून दोन नव्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, थांबू नये. नव्या शूटचा हिशोब साधा आहे. तीन कॅमेरे, प्रत्येकी सहा तास, १०० एमबीपीएस, म्हणजे एका दिवसाचे ८१० जीबी. माझा सध्याचा डबा नऊ दिवसांत भरेल. म्हणून मी चार कप्प्यांचा बघते आहे, आणि हा दोनवाला तेव्हा आईकडे नाशिकरोडला जाईल, दुसरी प्रत सांभाळायला.